डावरा त्या सामन्यात नव्हता

६ जानेवारी

मेव्हणेबुवा,

यादी वाचली. सोळा खेळाडू, तीन प्रशिक्षक, एक डॉक्टर, एक मालिशवाला आणि सगळ्यांत शेवटी, सामान सांभाळणाऱ्याच्याही खाली, तू. स्कोअरर. तुझ्या ताईने वाचून दाखवली, कारण माझा चष्मा नेहमीप्रमाणे कुठेतरी उलथला होता. तुझं नाव आल्यावर ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "पुढे वाच." ती म्हणाली, "पुढे काही नाही. संपली यादी."

म्हणजे तू येतोयस. आणि परक्यांचा स्कोअरर म्हणून येतोयस. जिथे मी तुला पेन्सिल धरायला शिकवलं त्याच खोलीत, त्याच लांब टेबलाशी, माझ्या उजव्या हाताला बसणार आहेस. आमच्या बाजूने नेमणूक माझी झालीय, ते तुला कळलंच असेल. ताई तुला सगळं कळवते, मला ठाऊक आहे. बाथरूममध्ये फोन घेऊन जाणारी बाई तिथे बातम्या ऐकत नसते.

चार वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. कुरिअरवाला म्हणाला, पाच दिवसांत मिळेल. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं. अक्षर मोठं आलंय, हसू नकोस. जाड टोकाचं पेन आणलंय, बारीक लिहिलं की शाई पसरते.

भांडण उकरायला लिहीत नाही. मालिका पाच आठवड्यांवर आलीय आणि मला चैन नाही, एवढंच. प्रत्येक मालिकेआधी आपण तोल मांडायचो, आठवतं? फुलस्केप कागद, मधोमध रेघ, एका बाजूला आपले अकरा, दुसऱ्या बाजूला त्यांचे अकरा. तू आपल्यांच्या खोड्या काढायचास आणि मी पाहुण्यांचं कौतुक करायचो, कारण आपापल्या माणसावर प्रेम असलं की वजन चुकतं, हा तुझाच शोध. मग पाकीट बंद करून कपाटावर ठेवायचं. ज्याचा अंदाज हुकेल त्याने मालिका संपल्यावर महिनाभर भांडी घासायची. तुझ्या ताईने या पद्धतीला कधीच विरोध केला नाही.

चार वर्षं एकट्याने तोल मांडतोय. एका हाताने तराजू धरल्यासारखं वाटतं. यंदाचा ऐक.

तुमचे: सलामीचा फलंदाज, ज्याला आपण घड्याळ म्हणायचो, अजून तसाच आहे. शेवटच्या सहा डावांत तीनदा पन्नाशी, आणि तिन्ही वेळा कुणाच्या लक्षातही आलं नाही. शिडी, तुमचा तो साडेसहा फुटी गोलंदाज, गुडघ्याच्या दुखण्यातून उठून आलाय. वेग थोडा उतरलाय, पण चेंडू अजून बरगडीशी उसळतो. फिरकीवाला पोस्टमन रोज त्याच पत्त्यावर टाकतो. इथल्या खेळपट्टीवर पाचव्या दिवशी तो धोक्याचा.

आमचे: कप्तान हेडमास्तर फॉर्मात आहे, पण क्षेत्ररक्षण लावताना वर्ग भरवल्यासारखा बोलतो. बडबड्या यष्टींमागे ठीक, यष्टींपुढे रामभरोसे. डावरा मात्र बघण्यासारखा झालाय. डावखुरे वेगवान गोलंदाज तुमच्या घड्याळाला कधीच मानवले नाहीत. तुमच्या सलामीला तोच खिंडार पाडणार.

माझा अंदाज: पाचांत आम्ही तीन, तुम्ही एक. आमच्या तिसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजाबद्दल या पत्रात लिहिलेलं नाही. जागा पुरली नाही.

तुझा
भाऊजी


१४ जानेवारी

मेव्हणेबुवा,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तर नाही. हरकत नाही, मी मागितलंही नव्हतं.

काल मैदानावर गेलो होतो, आमच्या संघातले सात जण खेळत असलेल्या सामन्याला. माझी ड्यूटी नव्हती. पण मालिकेआधी हात बसावा म्हणून वही घेऊन गेलो. माझ्याबरोबर आता जी मुलगी स्कोअर करते, आम्ही तिला धाकटी म्हणतो, ती रजेवर होती. तिच्या बहिणीला बाळ झालंय. म्हणून खोलीत न जाता मी पायऱ्यांवर बसलो. पूर्वी आपण बसायचो तसा, साइटस्क्रीनच्या डावीकडे, चौथ्या पायरीवर.

बातमी ही की डावरा आग ओकतोय. काल त्याने एका सत्रात सहा गडी काढले. सहा! यष्टींच्या त्या बाजूने धावत यायचा, कोन तयार व्हायचा, आणि चेंडू आत येऊन पॅडवर किंवा बाहेर जाऊन स्लिपमध्ये. तीनदा तर फक्त 'टक' ऐकू आलं आणि पाठोपाठ बडबड्याची आरोळी. तुमच्या घड्याळाला सांग, काटे सांभाळ म्हणावं.

त्यामुळे तोल बदलला. आता चार-शून्य. नाही, थांब, पोस्टमनला एक सामना द्यायला हवा. चार-एक.

घरी आल्यावर तुझ्या ताईला हे सगळं सांगितलं, तर ती पापड-कुरडया वाळत घातल्यासारखं वर्तमानपत्र पसरून बसली होती: एक पान खाटेवर, एक जमिनीवर. "तुमचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला," म्हणाली. मी म्हटलं, "असेल." हल्ली मी हरवतो फार वस्तू. वय झालं. तूही होशील म्हातारा, वाट बघ.

तिसऱ्या क्रमांकाविषयी: नऊ डावांत तिशीच्या पुढे गेला नाही. सगळे विचारतायत त्याला ठेवायचं की काढायचं. मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून मी सांगत नाही. तू त्याच्याविषयी काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. ते लिहू नकोस.

एक विचारतो. खोलीत बसायचंच आहे, तेव्हा नेहमीच्या जागी बसशील ना? म्हणजे माझ्या उजवीकडे, आणि पूर्वीसारखा प्रत्येक चेंडू मोठ्याने सांगशील ना? धाकटी हळू बोलते. मला तुझ्या आवाजाची सवय आहे.

भाऊजी


१९ जानेवारी

आज सकाळी ताईच्या फोनवर तुझा निरोप आला. माझ्यासाठी चार वर्षांतला पहिला. ती स्वयंपाकघरातून धावत आली, हात पिठाचे, आणि वाचून दाखवला:

"त्यांना सांग, डावरा त्या सामन्यात नव्हता. पाठ दुखते म्हणून तो दहा दिवस घरी आहे."

एवढंच. नमस्कार नाही, कसे आहात नाही. बहीण कशी आहे तेही नाही. चार वर्षं गप्प बसलास, आणि तोंड उघडलंस ते माझी वही दुरुस्त करायला. शाब्बास. चूक दिसली की तुला झोप लागत नाही, तेव्हाही लागायची नाही.

आता ऐक. मैदानावर ऊन होतं. पायऱ्यांवरून कोन वेगळा दिसतो. लाऊडस्पीकर बंद होता. शिवाय दोघांची चण सारखी आहे, दोघं त्याच टोकाकडून टाकत होते. कुणाचंही होईल असं.

ताई म्हणते, "कुणाचं होईल? डावा हात आणि उजवा हात?"

मी म्हटलं, तू गप्प बस. ती पीठ मळायला निघून गेली, आणि तेच वाईट.

भाऊजी


२२ जानेवारी

मेव्हण्या,

तीन दिवस घरात फेऱ्या मारतोय. बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी. ताईने एक खुर्ची मध्ये आणून ठेवली, बहुतेक मुद्दाम. मी तिला वळसा घालून गेलो. मला खुर्च्या दिसतात. तुला जे सांगायचंय त्यातली हीच मजा आहे: मला खुर्च्या दिसतात, जिने दिसतात, रस्त्याच्या कडेचा खांब दिसतो. ज्याच्याकडे बघतो, फक्त तेच दिसत नाही.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. दोन्ही डोळ्यांचा. कडा शाबूत आहेत. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतील, खांदे दिसतील, तोंडाच्या जागी धुकं. म्हणून त्या सामन्यात काय झालं ते सांगतो. तो उजव्या हाताने टाकणारा पोरगा यष्टींच्या पलीकडून, म्हणजे राउंड द विकेट येत होता. डावरा नेहमी यायचा त्याच बाजूने. मला धाव दिसली, बाजू दिसली. हात दिसला नाही. बाकीचं मी लिहून टाकलं. धाकटी शेजारी असती तर तिने नाव घेतलं असतं आणि मी तिच्यामागून घेतलं असतं. गेली दोन वर्षं मी असाच स्कोअर करतोय. ती बोलते, मी तेच मोठ्या आवाजात परत बोलतो, जणू मीच आधी बघितलं. सगळ्यांना वाटतं, म्हातारा तिला तपासतोय.

तुझ्या ताईला काल सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "चष्मा फ्रीजमध्ये जातो तेव्हाच मला कळायला हवं होतं." मग डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने डोळ्यांत थेंब घातले, आत बघितलं आणि विचारलं, "हे कधीपासून?" मी म्हटलं, दोन वर्षं.

खोटं बोललो. डॉक्टरशी, ताईशी. तुझ्याशीही बोलणार होतो.

पाच वर्षं झाली.

आता हिशेब कर. तुला हिशेब यायचा.

तो अंतिम सामना. तिसऱ्या क्रमांकाचा, तेव्हा कुणालाही माहीत नसलेला तो पोरगा, नव्व्याण्णववर. चेंडू पायांवर आला, ते धावले, एक पूर्ण केली. प्रेक्षक उभे राहिले. पंचांनी गुडघा उचलून हात लावला, लेगबाय, म्हणजे धाव संघाची, फलंदाजाची नाही. तू बत्ती दाबलीस, खूण दिसली हे पंचांना कळवणारा आपला दिवा. आणि तू वहीत लेगबाय लिहिलास.

मला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. दूरच्या टोकाला पंच म्हणजे पांढरा डाग, त्याच्या मध्ये धुकं. मी आवाज ऐकला. मला वाटलं लाकडाचा. आणि लोक ओरडले, म्हणजे शंभरच. मी एक लिहिली आणि फलकवाल्याला फोनवर सांगितलं, शंभर.

तू म्हणालास, "भाऊजी, लेगबाय आहे. मी दिवा दिला."

तेव्हा मी तुला विचारू शकलो असतो, "मला दिसलं नाही, तुला दिसलं का?" एवढंच वाक्य. पण खोलीत सेक्रेटरी उभे होते, वर्तमानपत्रवाले उभे होते, आणि मी तीस वर्षं वही लिहिणारा स्कोअरर. मी म्हणालो, "बत्ती दाबायची तुला सवय लागलीय. लक्ष कुठे असतं तुझं?" कुणीतरी हसलं. तू म्हणालास, पंचांना विचारू. मी म्हणालो, या खोलीतून कधी दोन आकडे बाहेर गेलेले नाहीत. माझ्या वहीवर विश्वास नसेल तर तुझी खाली ठेव.

तू खोडरबर घेतलंस. इतकं घासलंस की कागद फाटला. पुढच्याच षटकात, आणखी एकही धाव न करता तो बाद झाला. संध्याकाळी पंचांनी न वाचता सही केली, कारण आपल्या वह्या कधी चुकत नसत.

दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस. सहा महिन्यांनी देशच सोडलास. मी सगळ्यांना सांगत राहिलो की तुला तिकडे चांगली नोकरी मिळाली. ती नोकरी लायब्ररीत होती आणि इथल्यापेक्षा कमी पगाराची होती, हे ताईने मला कालच सांगितलं.

मला राग तुझा कधीच नव्हता. मला भीती वाटत होती. ती कुणाला दाखवायची नव्हती, म्हणून तुला दाखवली ती मगरुरी.

तोल मांडत नाही आज.

भाऊजी


१ फेब्रुवारी

मेव्हणेबुवा,

तुझं उत्तर नाही, तरीही लिहितो. मन स्वस्थ बसत नाही. अंगात मुंग्या असल्यासारखा मी तीन ठिकाणी जाऊन आलो. दोन ठिकाणी चूक झाली, एका ठिकाणी काहीतरी वेगळंच झालं.

पहिलं ठिकाण, सेक्रेटरीसाहेब. त्यांना सांगितलं, त्या शतकाची नोंद चुकीची आहे, नव्व्याण्णव हवी. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. "चार वर्षांनी कोण बघतंय? मालिका तोंडावर आलीय. तो पोरगा आधीच धडपडतोय, तुम्ही आणखी कशाला ढकलताय?" मी म्हटलं, "साहेब, आकडा खोटा आहे." ते म्हणाले, "आकडे छापले गेले की खरे असतात." मी उठलो. डोळ्यांविषयी बोललोच नाही. जीभ टाळ्याला चिकटली. ही चूक.

दुसरं ठिकाण, रेकॉर्डची खोली. कारकुनाने जुनी वही काढून दिली. तुझ्या वहीतलं ते भोक अजून आहे, बोट लावून बघितलं. कारकून म्हणाला, वहीत दुरुस्ती करायची असेल तर दोन्ही स्कोअररच्या सह्या लागतात. एकट्याची चालत नाही. मी अर्ज लिहून माझी सही केली. तुझी जागा रिकामी आहे. तो कागद चार दिवसांपूर्वीच वेगळ्या पाकिटात पाठवला, पण मी त्यासोबत काहीच लिहिलं नाही, म्हणून पाकीट उघडल्यावर तुला वाटलं असेल की मी तुझ्याकडून काम काढून घेतोय. ही दुसरी चूक. तसं नाही. सही कर किंवा करू नकोस. तो आकडा तुझा होता, मी तो परत देतोय, एवढंच.

तिसरं ठिकाण, नेट. सकाळी सराव असतो. मी जाळीच्या मागे उभा राहिलो, कडेच्या कडेने बघत. तिसऱ्या क्रमांकाचा खेळत होता. त्याला मी आवाजाने ओळखतो, बॅट मधोमध लागली की त्याच्या फटक्याला खोल आवाज येतो. चाळीस चेंडूंत तो आवाज नऊ वेळा आला. फॉर्म नाही, हे कळायला डोळे लागत नाहीत.

तो बाहेर आला तेव्हा हाक मारली. त्याने मला ओळखलं. "काका, तुम्ही? यादीत तुमचं नाव वाचलं." पाणी प्यायला. मी म्हटलं, तुला एक सांगायचंय. तुझं ते पहिलं शतक.

त्याने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "काका, पॅडला लागलं होतं."

मी जाळीचा खांब धरला.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "पण सगळं मैदान उभं होतं. फलकावर शंभर आलं. मी बॅट वर केली. बॅट वर गेली की खाली कशी आणायची?" मग हसला, पण मजेने नाही. "त्याच शतकावर मला देशाच्या संघात घेतलं. कसोटीत तीनदा नव्वदीत बाद झालो, तुम्हीच लिहिलंत ते. नव्वदी आली की घाई होते. वाटतं, एकदाचं खरं होऊन जाऊ दे."

मी म्हटलं, "चूक माझी होती. माझे डोळे गेलेत, तेव्हाच गेले होते." मोठ्याने, जाळीबाहेर, मालिशवाल्यासमोर. पहिल्यांदाच घराबाहेर बोललो. तो म्हणाला, "आणि ते दुसरे? ज्यांनी दिवा दिला होता? मी खेळपट्टीवरून दिवा बघितला होता."

म्हणजे तीन माणसांना खरं माहीत होतं: पंच, तो आणि तू. एक बोलला. त्यालाच घालवलं.

तो तुला भेटायचं म्हणतोय. तू हॉटेलात उतरल्यावर. आणि त्याने एक विचारलं, ते तसंच लिहितो: "काका, नव्व्याण्णव झालं तर माझ्या सगळ्या कारकिर्दीतली एक धाव जाईल ना? जाऊ दे. एक जाऊ दे."

आता त्याचा फॉर्म कसा तोलू? सांग. नऊ चेंडू बॅटवर, एकतीस नाहीत, आणि तरी मला वाटतं तो पहिल्या कसोटीत धावा करेल. कागदावर हे मांडता येत नाही. तरी मांडतो: दोन-दोन, एक अनिर्णित.

भाऊजी


४ फेब्रुवारी

तुमचं विमान उतरलं म्हणे. ताईच्या फोनवर निरोप:

"कागदावर सही केली. त्यांना विचार, खुर्ची सोडली का?"

ताईने वाचला, मी ऐकला. तिने दुसऱ्यांदा वाचला नाही.

नाही सोडली. आठ दिवस आहेत हातात, असं स्वतःला सांगत होतो. पहिल्या कसोटीपुरतं बसावं, मग तब्येतीचं निमित्त काढावं, तू शेजारी असशील, तू मोठ्याने सांगशील आणि कुणाला कळणार नाही, असा माझा बेत होता. चौदा जानेवारीच्या पत्रात मी तुला विचारलंच होतं ना, मोठ्याने सांगशील का? तेव्हाच मी तुला आंधळ्याची काठी करून ठेवलं होतं. तुला न विचारता.

चार वर्षांपूर्वी तुझा आवाज दाबला आणि आता तोच आवाज उसना मागतोय. किती निर्लज्ज असावं माणसाने? तुझ्या ताईला विचारलं. ती म्हणाली, "प्रमाण तुम्हीच ठरवा, स्कोअरर तुम्ही."

उद्या सकाळी दहाला सेक्रेटरीसाहेबांकडे जातो. या वेळी जीभ चिकटली तरी ताई बरोबर असेल.

भाऊजी


१० फेब्रुवारी
(हे ताईच्या अक्षरात आहे. ते सांगतायत, मी लिहितेय. माझं काही असेल ते कंसात.)

मेव्हणेबुवा,

सोडली.

सेक्रेटरीसाहेब आधी हसले, मग डॉक्टरचा कागद वाचला, मग हसले नाहीत. (त्यांनी आधी कागद उलटा धरला होता.) दुरुस्तीचा अर्जही ठेवला, दोन सह्यांचा. ते म्हणाले, मालिकेनंतर बघू. मी म्हटलं, आज बघा, नाहीतर मी वर्तमानपत्रवाल्यांना सांगतो, ते तेव्हाही खोलीत होतेच. (हे ते ओरडून म्हणाले. शिपाई धावत आला.) नोंद बदलली. नव्व्याण्णव. तिसऱ्या क्रमांकाच्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं.

परवापासून माझ्या खुर्चीवर धाकटी बसेल. तिचा पहिलाच कसोटी सामना आहे. हात थंड पडलेत तिचे, काल घरी आली होती तेव्हा ताईने चोळून दिले. तिला तुझ्याबद्दल सांगितलंय. घाबरते तुला. घाबरू देऊ नकोस. ती हळू बोलते, पण बघते नीट. चेंडू कुठे लागला ते तिला खेळाडूच्याही आधी कळतं.

एक मागतो. हे मागायचा मला हक्क नाही, तरी मागतो. कधी तुमच्या दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर तू वयाने मोठा आहेस म्हणून तिला गप्प करू नकोस. दोन्ही वह्या घेऊन पंचांकडे जा. सगळ्यांसमोर. लोकांना हसू दे.

आता तोल. शेवटचा. तुमचा घड्याळ पहिल्या सराव सामन्यात दोन्ही डावांत लवकर बाद झाला, पण चेंडू चांगले होते, तो ठीक आहे. शिडीचा गुडघा पहिले दोन सामने टिकेल, पुढे नाही. पोस्टमन पाचव्या दिवशी पत्ते शोधेल. डावरा परत आलाय, ताईने तीनदा तपासून सांगितलं. तिसऱ्या क्रमांकाचा खेळतोय. अंदाज सांगत नाही. चार वर्षं माझे सगळे अंदाज बरोबर आले, कारण एकट्याने मांडले की ते चूक म्हणायला कुणी नसतं. या वेळी तू आपल्यांच्या खोड्या काढ. मी हरलो तर भांडी मी घासेन. (ते घासतात तेव्हा अर्धी फुटतात.)

पहिल्या दिवसाचा खेळ संपला की घरी ये. हॉटेलपासून वीस मिनिटं. मला क्षमा मागायचीय, आणि ती पत्रात मागितली की तू वाचणार आणि मी बघणार नाही. समोर मागायची. ये.

दार ताई उघडणार नाही. मी तिला सांगितलंय, मी उघडणार. पण एक लक्षात ठेव. मला तुझं तोंड दिसणार नाही. दारात उभा असशील, तर मला फक्त खांदे दिसतील आणि दोन कान, आणि तसे कान शेजाऱ्यालाही आहेत. चार वर्षांनी तू आलास आणि मी तुला 'कोण पाहिजे?' विचारलं, असं होऊ नये. मला ते सहन होणार नाही.

म्हणून आधी तू बोल. भाऊजी म्हण, शिवी दे, लेगबाय म्हण, काहीही म्हण. पण दारात गप्प उभा राहू नकोस.

(खरंच बोल रे. ते काल दोनदा दूधवाल्याला आत घेऊन बसले होते.)

तुझा
भाऊजी